माझ्या देखरेखीखाली स्वसंरक्षण

२ जानेवारी, सकाळ

वर्षाचा दुसराच दिवस आणि अपमानाला सुरुवात. करणारा पोटचा मुलगा. किशोरने अकोल्याहून फोन करून सांगितलं की मी एकटी राहण्याच्या लायक उरलेले नाही. त्याचे शब्द हे नव्हते. तो म्हणाला, आई, आता घराले कुलूप लाव अन् इकडे ये, मले झोप नाही येऊन राहिली. अर्थ तोच. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईचा मुलगा इंजिनिअर होऊनही 'मले' म्हणतो, हे दुःख वेगळं.

कारण काय, तर परवा इथे अमरावतीत आमच्या गल्लीत एका मोटरसायकलवाल्याने माणिकबाईंच्या गळ्यातली पोत ओढायचा प्रयत्न केला. माणिकबाई माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लागून. पोत खोटी होती, आणि तीही त्याला मिळाली नाही. उलट त्याचा मफलर माणिकबाईंच्या हातात राहिला. ओरडल्या अशा की पलीकडच्या गल्लीतले लोक ताटावरून उठून आले. त्या मफलरने त्या आता ओटा पुसतात. मला विचाराल तर हा सगळा प्रकार जरा गावंढळ झाला. मी असते तर त्या माणसाकडे नुसतं पाहिलं असतं.

किशोरला म्हटलं, टेलिफोन खात्यात उभी हयात ट्रंक बोर्डावर काढली, रात्रपाळ्या केल्या, मला कोण काय करणार आहे? तो म्हणाला, आई, बोर्डावर चोर येत नव्हते. उद्धट.

२ जानेवारी, दुपार

मार्ग सापडला. कॉलनीच्या समाजमंदिरात सोमवारपासून महिला आणि मुलांसाठी स्वसंरक्षण शिबीर आहे. समारोप २६ जानेवारीला. किशोरला लगेच फोन केला. म्हटलं, २६ तारखेला ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. त्यानंतरही मी इथे एकटी राहू शकत नाही असं वाटलं, तर त्याच दिवशी तुझ्याबरोबर अकोल्याला येते.

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण बोलले. तो म्हणाला, ठरलं मग, आता बदलू नको. आईवर इतका अविश्वास.

संकल्प: रोज पहाटे व्यायाम. चहात साखर बंद. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. तिसरा संकल्प मी आधीपासूनच पाळते, पण लिहिलेला बरा.

५ जानेवारी

व्यायाम उद्यापासून. थंडी फार. साखर बंद केली होती, पण बिनसाखरेच्या चहाने अशक्तपणा येतो आणि अशक्त बाई प्रतिकार काय करणार? सुरू केली.

६ जानेवारी, संध्याकाळ

शिबिराचा पहिला दिवस. प्रशिक्षक दामिनी नावाची मुलगी. ज्युदो खेळते, बी.पी.एड. झालेली, इथल्या एका कॉलेजात खेळ शिकवते, खांदे दरवाजाएवढे. चांदूर बाजारहून रोज एसटीने येणार. उशिरा आली. वक्तशीरपणाबद्दल मी तिला दोन शब्द ऐकवले. ती म्हणाली, सॉरी काकू, गाडीच बंद पडली होती. 'मॅडम'ची माझी तयारी होती, 'काकू'ची नव्हती.

मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी काहीतरी लाथाबुक्क्या असतील. पण पहिला धडा ओरडण्याचा. एकेकीने पुढे यायचं आणि पोटातून ओरडायचं, मागे हो. माणिकबाई पुढे आल्या आणि 'हट्ट!' म्हणून ओरडल्या, तर पत्र्यावरची कबुतरं उडाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझी पाळी आली. मी सरळ उभी राहिले आणि स्वच्छ, स्पष्ट आवाजात म्हटलं, एक्स्क्यूज मी, प्लीज स्टेप बॅक.

दामिनी म्हणाली, काकू, जोरात. मी पुन्हा म्हटलं, या वेळी 'बॅक'वर योग्य तो भर देऊन. मागून कोणीतरी म्हणालं, ट्रंक कॉल लागून राहिला वाटते. हसल्या. हसू देत. आमच्या सिस्टर फिलोमिना सांगायच्या की लेडी आवाज चढवत नाही, फक्त भुवई चढवते. अख्खी शाळा त्या भुवईवर चालायची. दामिनीला ही पद्धत माहीत नसावी. माझ्याकडे बराच वेळ बघत होती. प्रभावित झाली.

८ जानेवारी

आज मनगट सोडवणे. समोरच्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका द्यायचा, कारण पकड तिथे कच्ची असते. तत्त्व मला तात्काळ समजलं. माणिकबाईंनी माझा हात धरला होता, त्यांना मी ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, समजलं वो रागिणीबाई, पण तुमी सोडवून तं दाखवा. मी पुन्हा समजावलं. शेवटी दामिनीने सोडवला.

मनगट सुजलं आहे. व्यायाम पुढे ढकलावा लागणार. तत्त्व मात्र पक्कं.

९ जानेवारी

बढती! दामिनी आज बाजूला घेऊन म्हणाली, काकू, तुम्ही उद्यापासून मुलांच्या बॅचकडे बघा, इथे तुमच्या हाताला त्रास होईल. म्हणजे देखरेख. चार दिवसांत तिने ओळखलं की ही बाई शिकण्यासाठी नाही, शिकवण्यासाठी जन्मली आहे.

किशोरला कळवलं की मला इनचार्ज केलं आहे. तो म्हणाला, बरं. नुसतं बरं.

१० जानेवारी

मुलांचा धडा सोपा आहे: नाही म्हणायचं, तिथून निघायचं, घरच्यांना सांगायचं. आपलं अंग आपलं, नको असेल तर कोणीही हात लावायचा नाही, ओळखीच्यानेसुद्धा. मी हे मुलांना इतकं सुरेख समजावलं की चिमी, माणिकबाईंची नात, सगळ्यात आधी पाठ म्हणून मोकळी झाली. सात वर्षांची आहे. मी कौतुकाने तिचा गाल धरला.

ती दोन पावलं मागे सरकली, हात पुढे केला आणि ओरडली, नाही! माझ्या गालाले हात नाही लावाचा! मग पळत जाऊन आजीला आणि दामिनीला सांगून आली. दोघींनी तिला शाबासकी दिली. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माणिकबाई मला म्हणाल्या, काय वो, पोट्टीनं तुमालेच पकडलं न!

माझ्या लहानपणी गाल ओढून ओढून लाल करायचे आणि वर आम्हाला थँक यू म्हणावं लागायचं. शिस्त संपली. तरी एक नोंद करते की धडा उत्तम शिकवला गेला होता.

१२ जानेवारी, अकोला

नातू शिवमचा वाढदिवस, म्हणून कालपासून इथे. चौथा मजला. दाराला कॅमेरा, बेल वाजली की भिंतीवरच्या पडद्यात माणूस दिसतो. किशोर म्हणाला, बघ आई, सेफ्टी. मी बटण दाबून पाहिलं तर खालचा वॉचमन बोलायला लागला. चांगला माणूस. नांदगाव खंडेश्वरचा. त्याच्या मुलीला मूर्तिजापूरचं स्थळ आलंय, पण मुलगा फार बारीक आहे म्हणून हा घाबरतो. मी म्हटलं, बारीक चालेल, आळशी नको. किशोर मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, आई, हे यासाठी नसते.

शिवमची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. त्याचं टेबल हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी गेलं. पडदे मला आवडतात तसे फिकट निळे. सूनबाई वर्षालीने विचारलं, आई, कपाटात तुम्हाला खालचा कप्पा देऊ का, वाकायला जमते ना? इतकी नीट वागते की भांडायला जागाच ठेवत नाही. हीच तिची मोठी अडचण आहे.

सकाळी गॅलरीत उभी होते. खालून एक बाई मेथीच्या जुड्या घेऊन चालली होती. अमरावतीला असते तर हाक मारून भाव विचारला असता, घ्यायची नसली तरी. इथून हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. शिवम म्हणाला, आजी, इथून कोणी कोणाशी बोलत नसते.

खाली सगळे दिसतात. हाक कोणालाच मारता येत नाही.

उद्याची पहिली गाडी पकडते. मुलांची बॅच माझ्यावाचून अडली असेल.

१३ जानेवारी

अडली नव्हती. खो-खो खेळत होते.

१४ जानेवारी, संध्याकाळ

आज मी इतिहास घडवला. नवरा गेल्यापासून कॉलनीतल्या हळदीकुंकवाला मला बोलावतात, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर सन्मानाने बसवतात, म्हणजे कुंकवाचं तबक माझ्यापर्यंत पोचत नाही. या वर्षी मीच माझ्या घरी सगळ्यांना बोलावलं. तिळगूळ आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक शिट्टी. मुलांनाही एकेक. संकटात शिट्टी वाजवायची, ऐकेल त्याने धावत यायचं. संपूर्ण कॉलनी सुरक्षित. दामिनीनेसुद्धा ही कल्पना काढली नव्हती.

माणिकबाईंनी सगळ्यांना कुंकू लावता लावता मलाही लावलं. मी काही म्हणायच्या आत. म्हणाल्या, लावतो न वो, त्याले काय होते? थोडं नाकावर सांडलं. मी नंतर बराच वेळ आरशासमोरून गेलेच नाही, म्हणजे पुसावं लागू नये.

१५ जानेवारी

दुपारी पहिली शिट्टी वाजली. सगळी कॉलनी धावली. निवृत्त तहसीलदार बॅट घेऊन, एक गृहिणी लाटणं घेऊन, तिचं पीठ हाताला तसंच. व्यवस्था किती अचूक चालते! चिमीचा पतंग तिच्या भावाने काढून घेतला होता.

मग दुसरी. मग तिसरी. मग सगळ्याच. कापलेल्या पतंगावरून पोरांची मारामारी, गाय दारात आली, डबा विसरला, शिट्टी. संध्याकाळपर्यंत कोणी मान वर करून बघेना. दामिनीने येऊन सगळ्या शिट्ट्या पिशवीत गोळा केल्या.

मी माझी दिली नव्हती. अंधार पडायच्या आधी ओट्यावर उभी राहून प्रयोग म्हणून वाजवली. कोणी आलं नाही. एक कुत्रा आला. कल्पना माझी होती, अंमलबजावणी लोकांची. यापुढे याबद्दल लिहिणार नाही.

१८ जानेवारी

दामिनीचा आजचा विषय घराचं दार. आधी बघा, मग विचारा, साखळी काढू नका, ओळखपत्र नसेल तर बाहेरूनच परत पाठवा, घरात एकट्या आहोत हे कोणाला सांगू नका. मी मधून मधून भर घालत होते, कारण मुद्दे चांगले असले तरी मांडणी विस्कळीत होती.

शेवटी ती म्हणाली की समारोपाच्या आधी प्रत्येकीची परीक्षा होईल. कधी, कुठे, कोण घेईल, ते सांगणार नाही. कोणाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा. सगळ्या हो म्हणाल्या. माणिकबाई म्हणाल्या, पाठवजो वं बापा, माझ्या ओट्यावर मफलरची कमी हाये. बोलताना दामिनीची नजर सारखी माझ्याकडे. आदर्श उदाहरण म्हणून असावी. माझी परीक्षा घ्यायचं तिला सुचणारही नाही. इनचार्जची परीक्षा कोण घेतो?

२१ जानेवारी, दुपार

फार मोठा दिवस. सविस्तर लिहिते.

सकाळी दार वाजलं. मी पद्धतीप्रमाणे आतूनच विचारलं, कोण आहे? उत्तर आलं, प्रेसकडून आलोय मॅडम. मॅडम! साखळी न काढता फटीतून पाहिलं. तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. नाव चंदन. ओळखपत्र मागितलं. तो म्हणाला, घरी विसरलो. इथे माझा अनुभव कामी आला. भामटा असता तर खोटं ओळखपत्र तयार ठेवून आला असता. विसरणारा माणूस प्रामाणिक असतो. साखळी काढली.

शहरातल्या खंबीर ज्येष्ठ महिला असा त्यांचा विशेष विभाग आहे, त्यासाठी मोबाइलवर मुलाखत हवी होती. मी दोन वाक्यं इंग्रजीत बोलले तर तो म्हणाला, मॅडम, असं इंग्रजी आजकाल ऐकायले भेटत नाही. मी त्याला डाव्या बाजूने शूट करायला सांगितलं. चहा ठेवायला आत गेले. आलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवायला आपण काही पुण्याला राहत नाही.

प्रश्न फार अभ्यासपूर्ण होते. घरात आणखी कोण असतं? म्हटलं, मी एकटी, आणि मला त्याचा अभिमान आहे. झोप लागते का? म्हटलं, दुपारी दोन ते चार गाढ, फोनसुद्धा बंद. किल्ली हरवली तर काय करता? इथे मी हसले. म्हटलं, दुसरी किल्ली बाहेरच्या स्टँडवर, आमच्या ह्यांच्या जुन्या बुटात असते. गेलेल्या माणसाच्या बुटात चोर हात घालत नाही, ही मानसशास्त्राची गोष्ट आहे. दागिने? चोर कपाट फोडतो, म्हणून मी ते तांदळाच्या डब्यात ठेवते. त्याने विचारलं, खरंच? मी डबा आणून दाखवला. तो वा वा म्हणाला, पण जरा घाबरला होता. कॅमेऱ्यासमोर पहिलंच काम असेल.

त्याची आई मोर्शीकडची निघाली. तिच्यासाठी तिळाचे लाडू बांधून दिले. जाताना म्हणाला, मॅडम, दार नीट लावून घ्या बरं. संस्कार दिसतात.

पेपर कोणता ते विचारायचं राहिलं. त्याने सांगितलं असावं.

२२ जानेवारी

दामिनी घरी आली. चेहरा पडलेला. म्हणाली, काकू, तुमचा एक व्हिडिओ माझ्याकडे आला आहे. म्हणजे बातमी सगळीकडे पोचली. ती म्हणाली, तुम्ही एकदा बघून घ्या, आपल्या दोघींत राहील, बाकी कोणी बघायची गरज नाही. मी म्हटलं, दामिनी, स्वतःला स्वतः बघत बसणं मला आवडत नाही. २६ तारखेला मोठ्या पडद्यावर लाव, माझा मुलगा येणार आहे. ती म्हणाली, नाही काकू, ऐका तर, तो चंदन माझा... मी म्हटलं, तुझा कोणी का असेना, चांगला मुलगा आहे. ती कपाळाला हात लावून बसली. लाजली असेल. जोडी शोभेल.

पुन्हा म्हणाली, काकू, नको. मग मला स्पष्टच बोलावं लागलं. दुसऱ्याचं कौतुक झालं की आपलं कमी होत नसतं. ती उठली. म्हणाली, तुमची मर्जी. पण मी काही काही जागी आवाज बंद करीन. तांत्रिक बाब असेल.

किशोरला कळवलं की २६ ला माझ्यावरची फिल्म दाखवणार आहेत. तो म्हणाला, खरंच? मग आवाज बदलला. म्हणाला, आई, मले वाटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी चहात दोन चमचे साखर घातली.

२६ जानेवारी, सकाळ

किशोर, वर्षाली, शिवम कारने आले. डिकीत दोन रिकाम्या सुटकेसेस. मी विचारलं तर किशोर म्हणाला, अशाच, असू देतो गाडीत. रिकाम्या सुटकेसेस कोणी अशाच फिरवत नाही. संध्याकाळी रिकाम्याच परत जातील.

निळी इरकल नेसते आहे. डाव्या बाजूने चांगली दिसते.

२६ जानेवारी, संध्याकाळ

लिहायची इच्छा नाही.

तरी लिहिते. झेंडावंदन झालं. माणिकबाईंनी दामिनीच्या पकडीतून हात झटक्यात सोडवून दाखवला. मुलं ओरडली, चिमी सगळ्यात जोरात. मग पडदा लावला. त्यावर मोठी अक्षरं आली: हे करू नका. मला वाटलं ती आधीच्या कार्यक्रमाची राहिली असतील. मग मी आले. डाव्या बाजूने.

लोक लगेच हसले नाहीत. मी साखळी काढली तेव्हा पहिल्यांदा हसले. मग मी म्हणाले की मी एकटी असते. मग जिथे जिथे महत्त्वाचं बोलले तिथे टीं असा आवाज. दुसरी किल्ली टीं असते. दागिने मी टीं ठेवते. पडद्यावरची मी अशी खुशीत बोलत होते आणि टीं वाजत होतं, आणि प्रत्येक टींला हॉल उसळत होता. माणिकबाई मागून ओरडल्या, काय टीं टीं करून राहिली वं, चाबी जुत्यात हाये, सगळ्या कॉलनीले ठाऊक हाये! तेव्हा तर खुर्च्या हलल्या.

हसण्यात वाईटपणा नव्हता. माझी बोलण्याची शैली मुळातच विनोदी आहे. पण किशोर हसला नाही. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. दामिनी माइकवर म्हणाली, काकूंनी हा व्हिडिओ दाखवायला स्वतः सांगितलं, इतकी हिंमत आपल्यातल्या कोणात आहे? टाळ्या पडल्या. मी उभी राहून नमस्कार केला. दुसरं काय करणार होते?

घरी आल्यावर किशोरने एक सुटकेस आणून माझ्या पलंगावर उघडली. ओरडला नाही. म्हणाला, आई, तू शब्द दिला होता. मी कपाट उघडलं. दोन साड्या ठेवल्या. तिसरी कोणती ठेवावी ते कळेना, म्हणून हातात धरून उभी राहिले.

माणिकबाई दार न वाजवता आत आल्या, मागे दामिनी. माणिकबाईंनी सुटकेस पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. म्हणाल्या, कावून रे किशोर, माय चोरीले गेली का तुही? नाई न? मंग? किशोर म्हणाला, मावशी, तुम्ही नका मधे पडू, आज तो दामिनीनं परीक्षेसाठी पाठवलेला होता, उद्या खरा येईन तं? त्या म्हणाल्या, थ्या जुत्याले इतक्या वर्सात कोणी हात लावला का? मी बाजूच्याच ओट्यावर बसून राहतो न दिवसभर. थो पोट्टा आला तवाही मी पाहून राहिली होती. घंट्याभरात निंगाला नसता तं मीच मुसळ घेऊन आली असती. तुह्या चौथ्या माळ्यावर कोण बसते हिच्यासाठी?

किशोर म्हणाला, तिथे कॅमेरा आहे. माणिकबाई म्हणाल्या, कॅमेरा येते का मुसळ घेऊन?

शिवम हसला. मग वर्षालीही हसली, तोंडाला पदर नसताना पदराची खूण करून. माणिकबाईंनी दामिनीला पुढे ढकललं. म्हणाल्या, ही पोट्टी रोज चांदूर बाजारहून धक्के खात येते. एकट्या पोरीले कोणी खोली देत नाही. अन् इथं हिच्या घरातली वरची खोली उंदरांसाठी ठेवली. दामिनी म्हणाली, मावशी, असं नका ना, काकूंना विचारा आधी. मला कोणी विचारलं नाही. सगळे किशोरकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात तिसरी साडी तशीच.

सुटकेस शेवटी वर्षालीने बंद केली. साड्या आधी बाहेर काढून. ती समजूतदार आहे हे मी पूर्वी कुठे लिहिलं नसेल तर इथे लिहून ठेवते.

२७ जानेवारी

निर्णय मी घेतला. एकट्या तरुण मुलीला या शहरात राहायला जागा मिळू नये, ही आपल्या समाजाची लाजिरवाणी अवस्था आहे. कोणीतरी पाऊल उचलायला हवं होतं. दामिनीला माझ्या घरात, माझ्या संरक्षणाखाली ठेवून घेत आहे. किशोरनेही या बाबतीत मला सहकार्य केलं. जाण्यापूर्वी त्याने सगळी कुलपं बदलून घेतली. नवी किल्ली दामिनीकडे आणि माणिकबाईंकडे. मला म्हणाला, तुझी तुझ्याजवळच ठेव, कोणाले दाखवू नको. सुटकेस एक इथेच राहिली. म्हणाला, राहू दे आई, कधी चार दिवस यावंसं वाटलं तर. पाया पडून गेला. गाडी वळेपर्यंत हात हलवत होता, पोरासारखा.

६ फेब्रुवारी

दामिनी राहायला आली. सामान म्हणजे एक बॅग, दोन डंबेल, एक ज्युदोचा पांढरा झगा. मी तिला घराचे नियम समजावून सांगितले. तिने मला दाराचे. ते एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला माझ्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवले आहेत. आधी बघा. मग विचारा. मग मला हाक मारा. अक्षर बरं आहे.

सकाळी व्यायामाला उठवते. उद्यापासून जाणार आहे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

दामिनीला इथे माझा फार आधार वाटत असावा. कॉलेजातून आली की आधी माझ्या खोलीत डोकावते, मग वर जाते. एकटीला भीती वाटत असणार. मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे.

हे लिहीत असतानाच बेल वाजली. मी उठले. वरून दामिनीचा आवाज आला, काकू, कोण आहे? मी शांतपणे, आवाज न चढवता उत्तर दिलं की नेमकं हेच मी विचारणार होते.

तोवर दार उघडून झालं होतं.

पाण्याचे फिल्टर विकणारा आहे. दामिनी खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसली आहे आणि नुसती त्याच्याकडे बघते आहे. बिचारा आपलं पाठ केलेलं सगळं विसरला. बॅग उघडून पुन्हा बंद करतो आहे, कपाळ पुसतो आहे.

चहा तिघांचा ठेवला आहे.